पंचाचा निवाडा आणि पुस्तकांतील नियम

गेल्या मे महिन्याच्या सुटींत माझ्या बहिणीच्या घरीं दुपारच्या वेळीं मुलांचें एक मोठें भांडण झालें. भांडणाचें मूळ एका खंदकांत होतें. हा दहा फूट रुंदीचा खंदक प्रत्यक्षांत कोठेंच नव्हता. तो माझ्या भाच्यानें कल्पिलेल्या एका पडक्या किल्ल्याच्या तळघरांत होता. चार मुलें सतरंजीवर बसलीं होतीं. भाचा पंच होता व बाकीच्या तिघांनीं एकेका काल्पनिक वीराची भूमिका घेतली होती. आदल्या दिवशीं भाच्याच्या एका मित्राच्या वीरानें, अंगांत साखळ्यांचें चिलखत असतांही, तो खंदक एका उडींत ओलांडला होता. आज त्याच खंदकावरून माझ्या भाचीनें उडी घेतली, तेव्हां पंचानें क्षणभर विचार करून ती खालीं पडल्याचें जाहीर केलें.

"दादा, काल तूं त्याला उडी मारूं दिलीस, मग मलाच कां पाडलेंस? पुस्तकांत कुठें लिहिलें आहे तें दाखव!"

दादानें पुस्तक दाखविलें नाहीं, कारण त्या पुस्तकांत उडीचा नियमच त्याला सांपडला नव्हता. "मी पंच आहें," एवढेंच उत्तर त्यानें दिलें, आणि तेवढ्यानें भाचीचें समाधान झालें नाहीं हें सांगावयास नकोच. तेव्हां तिसऱ्या मुलानें आपल्या पिशवींतून त्याच खेळाचें एक नवें जाडजूड पुस्तक बाहेर काढलें आणि यांत उडीचा नियम आहे असें सांगितलें. भाच्याचें पुस्तक ६४ पानांचें, हें सुमारें ३२० पानांचें. माझ्या बहिणीनें तें हातांत घेऊन त्याचें वजन पाहिलें आणि मला विचारलें, "अरे, नुसतें खेळायला एवढें पुस्तक लागतें? आणि त्या लहान पुस्तकावर भागत होतें, तर तें एवढें वाढलें कां?" त्या दुपारीं मला तिला नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचें योजिलें आहे.

ज्यांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं अशा पालकांसाठीं आरंभीं दोन शब्द सांगतों. खेळाचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. जमिनीखालचीं भुयारें आणि अग्नि ओकणारे पंखधारी सर्प, असा त्याचा अर्थ. यांत सारीपाटासारखा ठराविक पट नसतो, कीं बुद्धिबळासारखें ठराविक मोहऱ्यांचें सैन्य नसतें. पंच (या खेळांत त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात) समोरचें दृश्य शब्दांनीं उभें करतो. खेळाडू आपापला वीर काय करील तें सांगतात. आणि यश येईल कीं अपयश हें जेथें निश्चित सांगतां येत नाहीं, तेथें फांसा टाकून निर्णय होतो. मुख्य फांसा वीस पैलूंचा असतो. शेवटीं कोणी जिंकत नाहीं व कोणी हरत नाहीं. वीर जगला तर पुढच्या बैठकींत तोच पुढें चालतो. अशा खेळांस 'रोल-प्लेइंग गेम' म्हणजे भूमिकांचे खेळ असें म्हणतात, आणि पुस्तकरूपानें विक्रीस आलेला त्यांतील पहिला खेळ हाच होय.

आतां अशा खेळांत एक अडचण उघड आहे. बुद्धिबळांत घोडा कसा चालतो हें एका वाक्यांत सांगून संपतें, कारण घोड्याला दुसरें कांहीं करतांच येत नाहीं. येथें मात्र खेळाडू वाटेल तें करूं म्हणेल. तो दाराला कान लावील, राक्षसाशीं गोड बोलेल, पेटती मशाल तेलांत फेंकील, खंदकावरून उडी मारील. या सर्वांचे नियम आधींच लिहून ठेवावेत, कीं एक शहाणा पंच नेमून सर्व त्याच्या विवेकावर सोपवावें? जुन्या व नव्या आवृत्तींतील सगळा फरक या एका प्रश्नाभोंवतीं फिरतो.

हा प्रश्न या खेळाहूनही जुना आहे, आणि तो प्रथम निघाला तो मुलांच्या बैठकींत नव्हे, सेनाधिकाऱ्यांच्या बैठकींत. प्रशियाच्या सैन्यांत अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं 'क्रीग्सश्पील' म्हणजे युद्धाचा खेळ खेळत असत. राइसविट्झ पितापुत्रांपैकीं वडिलांनीं तो १८१२ सालीं राजापुढें मांडला, व मुलानें १८२४ सालीं त्याला नकाशे, फांसे आणि नुकसानीचीं कोष्टकें जोडून सुधारलेले नियम छापले. पुढें हे नियम वाढत गेले. १८७३ सालीं मेकेल नांवाच्या अधिकाऱ्यानें तक्रार केली कीं, या नियमांनीं पंचाचे हात बांधले जातात व खेळ रेंगाळतो. १८७६ सालीं व्हर्डी द्यु व्हेर्न्वा यानें तर कोष्टकें व फांसे बाजूस सारून केवळ अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा मुक्त खेळ पुढें आणला. त्यानें खेळाला गति आली. परंतु पंच चुकला, किंवा त्यानें पक्षपात केला, तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न त्यामुळें सुटला नाहीं. माझ्या भाचीचें म्हणणें याहून निराळें नव्हतें.

प्रशियाच्या छावणींतून हा धागा आपल्या खेळापर्यंत कसा आला तें थोडक्यांत सांगतों. १८८० सालीं चार्ल्स टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्यानें 'स्ट्रॅटेगॉस' या नांवानें तसाच एक युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला. पुढें बऱ्याच वर्षांनीं त्याची प्रत मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयांत डेव्हिड वेसली या तरुणाच्या हातीं लागली. १९६९ सालीं वेसलीनें 'ब्राउनस्टाइन' या काल्पनिक जर्मन गांवाचा खेळ मांडला, आणि त्यांत खेळाडूंना सैन्याऐवजीं एकेक व्यक्तीची भूमिका दिली. त्याच मंडळींतील डेव्ह अर्नेसन यानें ती रीत भुयारांत व किल्ल्यांत नेली. आणि विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं राहणाऱ्या गॅरी गायगॅक्स यानें अर्नेसनच्या साहाय्यानें तिला लेखी नियमांचें रूप दिलें. गायगॅक्स त्या काळीं पादत्राणें दुरुस्त करून संसाराला हातभार लावीत असे.

१९७४ च्या जानेवारींत हा खेळ विक्रीस आला. एका पेटींत तीन लहान पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. तिन्ही पुस्तिकांचीं पानें मिळून सुमारें ११०, आणि तींही अर्ध्या आकाराचीं. वीर तयार करणें फारच सोपें होतें. बळ, बुद्धि, शहाणपण, चिवटपणा, चपळाई व प्रभाव हे सहा गुण. प्रत्येकासाठीं साधे तीन फांसे टाकावयाचे आणि बेरीज लिहावयाची. बेरीज ३ पासून १८ पर्यंत येते. (अठरा येण्याचा संभव २१६ मध्यें एकदांच कां, हें गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनीं स्वतः काढून पाहावें.) वीर तीनच प्रकारचे: योद्धा, जादूगार व पुरोहित. शस्त्र कोणतेंही असो, कट्यार असो कीं फरशी असो, घाव एका फांशाचा.

यावरून जुना खेळ अगदीं सोपा होता असें कोणास वाटेल. तथापि त्या पुस्तिका ज्यांनीं वाचल्या त्यांतील पुष्कळांस त्या समजल्याच नाहींत. कारण लेखकांनीं असें गृहीत धरलें होतें कीं, वाचकापाशीं १९७१ सालचें 'चेनमेल' हें युद्धाच्या खेळाचें पुस्तक आहे, आणि रानांतील प्रवासासाठीं 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या दुसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पटही आहे. लढाईची मूळ पद्धति 'चेनमेल'मध्यें. वीस पैलूंच्या फांशाची पद्धति केवळ पर्याय म्हणून दिलेली, आणि पुढें तीच रूढ झाली! ज्याला आधींच खेळणाऱ्या मंडळींत बसावयास मिळालें त्याला सर्व सोपें होतें. एकट्यानें पुस्तक उघडणाऱ्याला कठिण. अ‍ॅरिझोनांतील केन सेंट अँड्रे यानें तें वाचलें, त्याला त्याचा उलगडा होईना, तेव्हां त्यानें १९७५ सालीं 'टनेल्स अँड ट्रोल्स' नांवाचा आपलाच एक सोपा खेळ लिहून छापला. पानांची संख्या ही क्लिष्टतेचें माप नव्हे, याचें हें पहिलें उदाहरण.

पुढें काय झालें असेल याची कल्पना आपणांस करतां येईल. लोक खेळूं लागले, शंका निघूं लागल्या, आणि शंकेगणिक नियम निघूं लागला. १९७५ सालच्या 'ग्रेहॉक' या पुरवणीनें चोर हा नवा वर्ग आणला व निरनिराळ्या शस्त्रांस निरनिराळे घाव दिले. ठिकठिकाणच्या स्पर्धांतून एकच खेळ एकाच रीतीनें खेळला जावा अशी गायगॅक्सची इच्छा होती. तिच्यांतून १९७७ ते १९७९ या काळांत 'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणजे प्रगत आवृत्तीचे तीन मोठे ग्रंथ निघाले. या आवृत्तीची क्लिष्टता निराळ्या प्रकारची आहे, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. प्रत्येक नियम त्या त्या शंकेपुरता स्वतंत्रपणें जन्मला असल्यामुळें त्यांच्यांत भावंडांसारखें साम्य नाहीं. तलवार मारावयाची तर वीस पैलूंचा फांसा, आणि आंकडा मोठा आला पाहिजे. अडकलेलें दार ढकलावयाचें तर साधा सहा पैलूंचा फांसा, आणि आंकडा लहान आला पाहिजे. गज वांकवावयाचे तर शेंकडेवारी. चोरानें पाऊल न वाजवितां जावयाचें तर तेथेंही शेंकडेवारी. योद्ध्याचें बळ १८ असेल तर तेवढ्यावर न थांबतां पुन्हां शेंकडेवारीचे फांसे टाकून त्या अठराचेही पोटभाग करावयाचे. लढाईचा एक फेरा एका मिनिटाचा, आणि त्याचे सहा सहा सेकंदांचे दहा खंड. कोणत्या शस्त्राचा कोणत्या चिलखतावर किती परिणाम होतो याचें एक कोष्टक होतें. पुष्कळ ठिकाणीं मंडळी तें पान उलटून पुढें जात.

या आवृत्तींतील एक गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. घाव लागला कीं नाहीं हें ठरविणारीं कोष्टकें खेळाडूंच्या १९७८ च्या पुस्तकांत नव्हतीं. तीं १९७९ च्या पंचाच्या ग्रंथांत होतीं. खेळाडूनें फांसा टाकावा, आंकडा सांगावा, आणि "लागला का?" असें विचारून पंचाच्या तोंडाकडे पाहावें. म्हणजे नियम क्लिष्ट होते खरे, परंतु त्यांचा भार एकट्या पंचाच्या शिरावर होता. खेळाडूला आपल्या वीरापुरतें जाणून भागे. भार किती आहे यापेक्षां तो कोणाच्या डोक्यावर आहे, हें पाहिल्यावांचून जुन्या व नव्या आवृत्तींची तुलना करणें व्यर्थ आहे.

शिवाय त्याच वर्षांत त्याच खेळाची एक सोपी शाखाही समांतर चालली होती. १९७७ सालीं एरिक होम्स या मज्जातंतुशास्त्राच्या प्राध्यापकानें मूळ नियम नवशिक्यांसाठीं ४८ पानांत सुबोध करून लिहिले. १९८१ सालीं टॉम मोल्डव्हे यानें ते पुन्हां ६४ पानांत मांडले. माझ्या भाच्याजवळचें पुस्तक तें हेंच. १९८३ सालीं फ्रँक मेन्ट्झर यानें तर वाचकानें एकट्यानें वाचीत वाचीत खेळावयाच्या गोष्टीनेंच आरंभ केला, म्हणजे शिकविणारा कोणी नसला तरी अडूं नये. तेव्हां जुनें सोपें आणि नवें अवघड हें म्हणणें मुळांतच टिकत नाहीं. जुन्या काळींही एकाच नांवाचे दोन खेळ दुकानांत शेजारीं शेजारीं होते.

आतां थोडें गणित पाहूं. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत घावाच्या कोष्टकाऐवजीं एका संख्येवर काम भागविण्यांत आलें. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'थॅको' म्हणत. ज्याचें संरक्षण शून्य आहे अशा शत्रूला घाव लागण्यास फांशावर किती आले पाहिजेत, ती ही संख्या. या जुन्या पद्धतींत संरक्षणाचा आंकडा जितका लहान तितकें संरक्षण अधिक: उघड्या अंगाचा १०, उत्तम पोलादी चिलखत व ढाल यांचा २, आणि मंतरलेलें चिलखत असल्यास शून्याच्याही खालीं. पांचव्या पायरीवरील योद्ध्याचा थॅको १६ असतो. शत्रूचें संरक्षण ३ असेल तर १६ मधून ३ वजा करावे. १३ किंवा अधिक आल्यास घाव लागतो. संरक्षण उणे २ असेल तर १६ मधून उणे २ वजा करावे, म्हणजे १८. ऐन लढाईंत ऋण संख्येची वजाबाकी करतांना कित्येक शूर योद्धे अडखळत.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनें काय केलें? आंकड्यांची दिशा उलटी केली, एवढेंच. वरीलच हिशेब नव्या रीतीनें मांडला तर संरक्षण ३ ऐवजीं १७ होतें, आणि योद्ध्याच्या नांवावर अधिक ४ लिहिले जातात. फांशावर १३ आले कीं चार मिळवून १७ होतात. उणे २ चें संरक्षण २२ होतें. तेथें १८ आले पाहिजेत. यशाचा संभव दोन्ही रीतींत अगदीं एकच आहे: पहिल्या शत्रूविरुद्ध वीसांत आठ वेळां, दुसऱ्याविरुद्ध वीसांत तीन वेळां. पंचवीस वर्षें खेळाडूंनीं जी वजाबाकी केली तिची मुळीं गरजच नव्हती. जुन्या नियमांतील कांहीं क्लिष्टता खेळांतली नसून केवळ लिहिण्यांतली होती, हें कबूल केलें पाहिजे.

ही तिसरी आवृत्ति 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीनें काढली. १९९७ सालीं तिनें मूळ प्रकाशकांची संस्था विकत घेतली होती. जोनाथन ट्वीट, माँटे कुक व स्किप विल्यम्स या तिघांनीं सर्व खेळ एका सूत्रांत ओंवला. वीस पैलूंचा फांसा टाका, आपली वाढ मिळवा, आणि बेरीज काठिण्याच्या आंकड्याइतकी किंवा अधिक झाली कीं यश. तलवार असो, दार असो, कुलूप असो, सर्वत्र हेंच. विष, श्वासाग्नि, मंत्र वगैरे संकटांचे जुने पांच वर्ग जाऊन शरीर, चपळाई व मन असे तीनच राहिले.

पण सूत्र एक झालें म्हणून पुस्तक लहान झालें नाहीं, तें वाढलें. पूर्वी वीराला जें करतां येई तें पंचाच्या मर्जीनें येई. आतां तें वीराच्या कागदावर लिहिलें जाऊं लागलें. पायरीगणिक कौशल्यांचे गुण वांटावयाचे, विशेष करामती निवडावयाच्या. १९७४ चा वीर दहा मिनिटांत तयार होई. २००३ च्या सुधारलेल्या आवृत्तींत वीर रचण्यांत एक संध्याकाळ सहज जाई. वाढींचेही प्रकार निरनिराळे: एकाच प्रकारच्या दोन वाढी एकत्र धरावयाच्या नाहींत, निरनिराळ्या प्रकारच्या धरावयाच्या, आणि याला पुन्हां अपवाद. शत्रूला नुसती मिठी मारून धरावयाचें म्हटलें तर आधीं त्याला एक फुकटचा वार द्यावयाचा, मग स्पर्श झाला कीं नाहीं तें पाहावयाचें, मग दोघांनीं फांसे टाकून झोंबी घ्यावयाची, मग त्याच्या चौकटींत शिरावयाचें. झोंबीचें नांव काढतांच मंडळी पुस्तकाकडे हात नेत. आतां भार पंचाच्या डोक्यावरून उतरून खेळाडूंच्या डोक्यावर आला होता, आणि तो खेळाच्या वेळेपेक्षां खेळापूर्वींच अधिक जाणवे.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीनें प्रत्येक वीराला ठराविक शक्तींची यादी दिली: कांहीं केव्हांही वापरावयाच्या, कांहीं लढाईंत एकदां, कांहीं दिवसांतून एकदां. चौकटींच्या नकाशावर सर्व कसें नेमकें चाले आणि पंचाचें काम फारच हलकें झालें. परंतु लढाया लांबत. पुष्कळांस हा बदल मानवला नाहीं. मौज अशी कीं, नाराज मंडळींतील मोठा भाग सोप्या खेळाकडे गेला नाहीं. २००९ सालीं 'पाथफाइंडर' या नांवानें २००३ च्याच नियमांचा ५७६ पानांचा ग्रंथ निघाला, तो त्यांनीं आनंदानें उचलला! पुस्तकाच्या वजनाला माणूस भितो, पण संवयीच्या वजनाला भीत नाहीं.

२०१४ च्या पांचव्या आवृत्तींत पुन्हां बराच भार उतरविला गेला. लहानसहान अधिक-उणे आंकड्यांच्या जागीं तिनें एक सुंदर युक्ति आणली. परिस्थिति अनुकूल असेल तर वीस पैलूंचे दोन फांसे टाकून मोठा धरावा. प्रतिकूल असेल तर लहान धरावा. एका फांशावर अकरा किंवा अधिक येण्याचा संभव शेंकडा ५०. दोहोंतील मोठा धरल्यास तोच शेंकडा ७५ होतो. बेरीज नाहीं, कोष्टक नाहीं, आणि लहान मुलालाही एका वाक्यांत समजतें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. २००३ चें, २००८ चें व २०१४ चें, हीं खेळाडूंचीं तिन्ही पुस्तकें प्रत्येकीं सुमारें ३२० पानांचींच आहेत. आणि तीं खेळतांना पडणारे श्रम मात्र एकमेकांशीं जुळत नाहींत. २०२४ सालीं निघालेलें सुधारलेलें पुस्तक तर ३८४ पानांचें आहे, पण त्याचा गाभा २०१४ चाच.

असो. आतां आपण त्या खंदकाकडे परत येऊं. माझ्या भाचीच्या वीराचें बळ ९ होतें आणि अंगावर चिलखत नव्हतें. दादाच्या मित्राच्या वीराचें बळ १६, अंगांत साखळ्यांचें चिलखत. १९७४ च्या पुस्तिकांत उडीचा नियम नाहीं. पंच म्हणेल तें खरें. २००३ च्या पुस्तकाप्रमाणें दहा फुटांच्या उडीचें काठिण्य १०, मात्र आधीं वीस फूट धांव हवी. नाहींतर काठिण्य दुप्पट. ९ बळाला एक वजा होतो, म्हणून भाचीला ११ हवे होते: शेंकडा ५० संभव. मित्राला बळाचे तीन अधिक मिळतात, परंतु चिलखताच्या अडचणीचे पांच वजा आणि त्यामुळें मंदावलेल्या चालीचे आणखी सहा वजा होतात. त्यानें उडीचें कौशल्य कमावलें नसेल तर त्याला १८ हवे होते, म्हणजे संभव अवघा शेंकडा १५. चार गुणांच्या आंत हुकल्यास पलीकडची कड हातानें पकडतां येते कीं काय, याचाही वेगळा नियम आहे. २०१४ च्या पुस्तकांत हें सगळें एका ओळींत येतें: दहा फूट धांव घेतल्यास बळाच्या आंकड्याइतके फूट उडी, फांसा न टाकतां. तेथें चिलखतवाला सोळा फूट उडतो आणि भाची नऊ. एक फूट कमी!

म्हणजे दादाचा निवाडा २००३ च्या पुस्तकानें पाहिला तर उघड उघड अन्यायाचा ठरतो, आणि २०१४ च्या पुस्तकानें पाहिला तर अगदीं बरोबर ठरतो. भाचीनें हें ऐकून तोंड फिरविलें. पण त्या नव्या पुस्तकांतही पुढें लिहिलें आहे कीं, नेहमींपेक्षां लांब उडी घ्यावयाची असेल तर पंचानें फांसा टाकावयास सांगावें. शेवटच्या एका फुटासाठीं ३२० पानांचें पुस्तकही पुन्हां पंचाकडेच बोट दाखवितें.

अलीकडे पुष्कळ लोक मुद्दाम जुन्या रीतीकडे वळले आहेत. २००० सालच्या कंपनीच्या परवान्यामुळें जुन्या नियमांची नव्या शब्दांत पुनर्रचना करतां आली; २००६ सालीं 'ओस्रिक' या नांवानें पहिल्या प्रगत आवृत्तीचे नियम पुन्हां मांडले गेले, व २००८ सालीं मॅट फिंच यानें एका लहान पुस्तिकेंत पंचाच्या विवेकाची बाजू आवेशानें मांडली. त्यांचें म्हणणें असें कीं, नियम नसला म्हणजे खेळाडू कागदावरील आंकड्यांकडे न पाहतां खंदकाकडे पाहतो; शिडी आहे का, दोर आहे का, फळी मिळेल का, हें विचारतो. यांत बरेंच तथ्य आहे, आणि माझा स्वतःचा कल लहान पुस्तकाकडेच आहे. परंतु एक अट घालावीशी वाटते. पंच वयानें वडील व सर्वांच्या विश्वासांतला असला तर लहान पुस्तक उत्तम. समवयस्क मुलांत, जेथें पंच हा कोणाचा तरी भाऊ किंवा जिवलग मित्र असतो, तेथें धाकट्याला एखादा छापील नियम हाताशीं असणें हाच आधार असतो. पालकांनीं प्रथम पुस्तक घेतांना एवढें पाहावें. पैसे खर्च न करतां आरंभ करावयाचा असेल तर पांचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम कंपनीनें विनामूल्य दिलेले आहेत, आणि ते महिनाभर खेळण्यास पुरेसे आहेत.

मुलांनीं काय केलें तें सांगतों. भाच्याचें ६४ पानांचें पुस्तक मीं रात्रीं चाळून पाहिलें, तों अखेरच्या पानांत एक सूचना सांपडली: ज्यासाठीं नियम नाहीं अशा कृत्यास वीस पैलूंचा फांसा टाकावा, आणि संबंधित गुणाच्या आंकड्याइतका किंवा त्याहून कमी आंकडा आला तर यश द्यावें. ९ बळाला शेंकडा ४५, १६ बळाला शेंकडा ८०. पंचमहाशयांनीं तें पान वाचलेंच नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सर्वानुमतें भाचीला पुन्हां उडी देण्यांत आली; फांशावर चौदा आले, ती पुन्हां पडली, आणि या वेळीं तिनें मुकाट्यानें आपल्या वीराची जखम कागदावर लिहून घेतली. चिलखताचे कांहीं वजा करावेत कीं काय यावर मात्र वाद झाला, व ठरलें तें एका वहींत लिहून ठेवण्यांत आलें. सुटी संपेपर्यंत त्या वहींत आणखी अकरा नियम चढले. त्यांतील दोन परस्परांविरुद्ध जातात, असें भाचीनें परवां मला फोनवर सांगितलें.